साबुदाण्याच्या खिचडीतलं जग : चौथीच्या वर्गातला एक शोध-पाठ



अलीकडे तालुक्याच्या गावांतसुद्धा 'इंटरनॅशनल स्कूल' अशा पाट्या दिसायला लागल्या आहेत. पालकसभेत मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, आपल्या शाळेत तसलं काही असतं का?" तसलं म्हणजे काय, हे विचारणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. टाय, इंग्रजी, स्विमिंग पूल असं काहीतरी डोळ्यापुढे असतं. मीही काही वेगळी नव्हते. तीन वर्षांपूर्वी मी वर्गात मोठ्या हौसेने 'जागतिक दिवस' केला होता. मुलांनी दहा देशांचे झेंडे रंगवले, प्रत्येकाने एकेका भाषेत 'नमस्कार' म्हणून दाखवला, फोटो निघाले, पालक खूश. आठवड्याने एका मुलीला विचारलं, "तू कोणता देश झाली होतीस गं?" ती म्हणाली, "हिरवा-पांढरा-लाल." इटली की मेक्सिको, ते तिलाही आठवेना आणि खरं सांगायचं तर मलाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. यंदा चौथीच्या वर्गात जे करून पाहिलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. त्यातलं थोडं जमलं, थोडं फसलं. दोन्ही लिहिते, म्हणजे तुम्हाला करताना सोपं जाईल.

आधी दोन शब्द या पद्धतीबद्दल. इंग्रजीत तिला 'इन्क्वायरी बेस्ड लर्निंग' म्हणतात. मराठीत 'चौकशी' म्हटलं की आपल्या मंडळींना खात्याची चौकशीच आठवते, म्हणून मी 'शोध घेत शिकणं' म्हणते. जिनिव्हात १९६८ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेने १९९७ पासून लहान मुलांसाठी, म्हणजे ३ ते १२ वयोगटासाठी, जो प्राथमिक कार्यक्रम आणला, तो सगळा या पायावर उभा आहे. त्यात विषयांच्या भिंती कमी केलेल्या आहेत आणि आपण कोण आहोत, आपण कुठल्या ठिकाणी नि कुठल्या काळात आहोत, जग कसं चालतं, ही पृथ्वी सगळ्यांनी वाटून कशी घ्यायची, असे सहा मोठे धागे घेऊन मुलं वर्षभर काम करतात. त्या शाळांची फी आपल्याला परवडणारी नाही. पण प्रश्न विचारायला फी लागत नाही. आणि जगाशी नातं जोडायला परदेशवारी किंवा पॉश इमारतही लागत नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

सुरुवात एका डब्यापासून

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तीन-चार मुलांच्या डब्यात उरलेली साबुदाण्याची खिचडी होती. एका मुलाने विचारलं, "बाई, साबुदाणा कुठल्या झाडाला लागतो?" मला उत्तर माहीत होतं आणि ते ओठावर आलंही होतं. पण म्हटलं, थांबू या. फळ्यावर मधोमध 'साबुदाण्याची खिचडी' लिहिलं आणि मुलांना सांगितलं, हिच्याबद्दल जे जे प्रश्न पडतील ते चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावा. बरोबर-चूक काही नाही.

पहिल्या दिवशी प्रश्न आले ते असे : खिचडी चिकट का होते? उपवासाला कांदा का चालत नाही? साबुदाणा पांढराच का? (एक चिठ्ठी 'खिचडी रोज का करत नाहीत' अशीही होती. ती मी आईसाठी घरी पाठवली.) दुसऱ्या दिवशी जरा खोलात गेले. बटाटा आपल्याकडे पहिल्यापासून आहे का? शेंगदाणे जमिनीत का लागतात? आणि एक प्रश्न असा की ज्याने पुढचे तीन आठवडे चालवले : शिवाजी महाराजांचे मावळे शिदोरीत बटाटा न्यायचे का?

हा प्रश्न चौथीतलं मूलच विचारू शकतं, कारण या वर्षी इतिहासात महाराज असतात आणि डोक्यात चोवीस तास गडकिल्ले.

मग आम्ही प्रश्नांची वाटणी केली. काही पुस्तकात सापडतील असे, काही माणसांना विचारून कळतील असे, काही करून पाहिल्याशिवाय कळणार नाहीत असे. चौथी पाटी मुलांनीच मागितली, 'कोणालाच माहीत नाही'. तुम्ही हा पाठ घेणार असाल तर ही वाटणी जरूर करा. प्रश्न आला की मोबाईल, एवढाच रस्ता मुलांना ठाऊक असतो. प्रश्नागणिक रस्ता वेगळा असतो, हे त्यांना चिठ्ठ्या हलवता हलवता समजतं.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी मी घोळ घातला. मिरचीच्या प्रश्नावर एक गट अडला होता, तास संपत आला होता, आणि मी सांगून टाकलं, "मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली." मुलांनी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि वही मिटली. त्या क्षणापासून मिरचीची एकही नवी चिठ्ठी भिंतीवर आली नाही. बटाट्याच्या चौदा आल्या, शेंगदाण्याच्या नऊ. माहिती बरोबर होती, सांगण्यात वाईट काहीच नव्हतं, पण आमच्या वर्गापुरती मिरची तिथेच संपली. माझी बावीस वर्षांची सवय आहे, अडलेल्या मुलाला हात द्यायचा. कधी द्यायचा आणि कधी मागे घ्यायचा, हे मला अजून नीट जमत नाही.

बटाट्याच्या वेळी मात्र जीभ आवरली.

मुलांना म्हटलं, घरी, शेजारी, फोनवर नातेवाइकांना विचारा की तुमच्या भाषेत बटाट्याला काय म्हणतात. आमची शाळा एमआयडीसीच्या कडेला आहे, त्यामुळे वर्गात नाना ठिकाणची मुलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी झाली. मराठीत बटाटा, गुजरातीत बटाटा, गोव्याच्या मावशीकडून 'बटाट'. कानडी घरातून 'आलूगड्डे'. एका मुलीच्या वडिलांच्या तमिळ मित्राने 'उरुळैक्किळंगु' सांगितलं आणि त्याचा अर्थ 'गोल कंद' असाही सांगितला. ते म्हणायच्या प्रयत्नात अर्धा तास हसण्यात गेला.

आणि एक मुलगा होता, त्याने फक्त 'आलू' लिहिलं होतं.

त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. वडील कारखान्यात कामाला, कुटुंब बिहारचं, दिवाळीनंतर वर्गात आला. मराठी समजायचं पण बोलायला बिचकायचा. मैदानावर मुलं त्याला 'बाहेरचा' म्हणायची. मी दोनदा रागावले होते. रागावून असले शब्द जात नाहीत, माझ्यासमोर फक्त बंद होतात.

यादी पाहून मुलांना गंमत दिसली. किनाऱ्याकडच्या भाषांत 'बटाटा', आणि आत उत्तरेकडे 'आलू'. असं का? मी नकाशा टांगला. बोट फिरवता फिरवता एकीने विचारलं, "बटाटा जहाजातून आला असेल का?" कोणीही न सांगता हे त्यांनी काढलं. मग शब्दकोश काढला. पोर्तुगीजांच्या भाषेतही बटाट्याला 'बटाटा'च म्हणतात, हे वाचल्यावर वर्गात जी आरोळी झाली ती ऐकून शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले. पाव, चावी, काजू, अननस, पगार हे शब्दही त्याच बोटीतून उतरलेले आहेत, हे सांगण्याचा मोह मात्र मला आवरला नाही. पगार ऐकून एक जण म्हणाला, "म्हणजे त्याच्या आधी कोणाला पैसेच मिळायचे नाहीत?" हा प्रश्नही भिंतीवर गेला.

मग 'आलू'चं काय? तो शब्द तर पोर्तुगीज नाही. इथे मुलं अडली आणि मी मदत केली. संस्कृतात 'आलु', 'आलुक' हे शब्द जमिनीखालच्या कंदांसाठी फार पूर्वीपासून आहेत. नवा कंद आला तेव्हा उत्तरेकडच्या लोकांनी त्याला जुनंच नाव देऊन टाकलं. मिरचीचंही तसंच झालं. 'मरीच' म्हणजे काळी मिरी, ती आपलीच, मलबारची. नवी तिखट वस्तू आली, तिला मिरीचं नाव चिकटलं. म्हणजे वस्तू परकी असली की दोन गोष्टी होतात, एक तर ती स्वतःचं नाव घेऊन येते, नाहीतर घरातलंच नाव तिला मिळतं. हे आमच्या हाती लागलं ते त्या एका 'आलू'मुळे. सगळ्यांनी 'बटाटा' लिहिलं असतं तर प्रश्नच पडला नसता. त्या दिवशी त्याने घरी नेऊन दाखवायला फळ्याची यादी वहीत उतरवून घेतली. वर्गात पहिल्यांदाच तो माझ्या टेबलापर्यंत आपण होऊन आला.

(नंतर घरी वाचताना मला कळलं की 'बटाटा' हा शब्दसुद्धा मूळचा बटाट्याचा नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेत तो रताळ्यासाठी होता. म्हणजे नाव घेऊन आलेला पाहुणाही उसनंच नाव घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मुलं म्हणाली, "बाई, तुमचा नियम मोडला." मोडला खरा.)

मावळ्यांचं उत्तरही आम्ही तारखा मांडून काढलं. फळ्यावर रेघ ओढली : १४९२ कोलंबस, १४९८ वास्को द गामा कालिकतला, १५१० गोवा पोर्तुगीजांकडे, १६३० महाराजांचा जन्म. बटाट्याची लागवड आपल्याकडे खऱ्या अर्थाने वाढली ती त्यानंतर खूप उशिरा, इंग्रजांच्या काळात. तेव्हा शिदोरीत बटाट्याची भाजी असण्याची शक्यता जवळजवळ नाही. 'जवळजवळ' हा शब्द मुलांनी स्वतः घातला. 'नाही' असं ठाम लिहायला एक मुलगी तयार नव्हती. म्हणाली, "आपण तिथे नव्हतो ना." इतिहासाच्या तासाला मला यापेक्षा जास्त काही नको.

आजीचा निरोप

तोवर खिचडीतल्या बहुतेक जिनसा नकाशावर दोऱ्यांनी जोडून झाल्या होत्या. बटाटा, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिकेचीच. साबुदाणा आपल्या तमिळनाडूत सेलमकडे होतो, पण ज्या कसावाच्या कंदापासून होतो तो कंद पुन्हा दक्षिण अमेरिकेचा. इतकंच काय, उपवासाचा राजगिरा आणि रताळंसुद्धा तिकडचंच. आपल्याकडची म्हणावी अशी वरी, शिंगाडा आणि वरून सोडलेलं साजूक तूप.

एका मुलीच्या आजीने निरोप पाठवला, "बाईंना सांग, आमच्या उपवासाला परकं म्हणू नका." निरोप गमतीचा वाटला तरी मी तो गमतीवारी नेला नाही. घरातल्या श्रद्धेच्या गोष्टीला वर्गात हात लावताना जपायला हवं, आणि मी ते आधी घरी कळवायला हवं होतं. मी आजींनाच शाळेत बोलावलं. त्या आल्या, वर्गात खुर्चीवर बसल्या आणि तासभर बोलल्या. त्यांच्या लहानपणी घरी उपवासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी असायची. साबुदाणा क्वचित, पाहुणे आले तरच. मुलांनी विचारलं, "मग तुम्हाला कधी वाटलं का की हे नवीन आहे?" आजी म्हणाल्या, "नवीन वाटलं. मग आवडलं. मग सवय झाली." मी तीन दिवस जे समजावत होते ते त्यांनी तीन वाक्यांत संपवलं.

आजी गेल्यावर वर्गात थोडी चुळबुळ होती. दोऱ्यांनी भरलेल्या नकाशाकडे बघत बिहारच्या त्या मुलाने हात वर केला. म्हणाला, "बाई, बटाट्याला किती वर्षं लागली?"

"कशाला?"

"इथला व्हायला."

मला काय बोलावं ते सुचेना. मुलांनी मात्र प्रश्न नेहमीसारखा घेतला. कोणी म्हणालं दोनशे वर्षं, कोणी म्हणालं शंभर. एक जण म्हणाला, "ज्या दिवशी बटाटावडा झाला त्या दिवशी." सगळे हसले, तोही हसला. मी चिठ्ठी लिहून 'कोणालाच माहीत नाही' या पाटीखाली लावली.

त्या दिवसानंतर 'बाहेरचा' हा शब्द वर्गातून गेला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दोन आठवड्यांनी मैदानावर पुन्हा ऐकला. पण या वेळी दुसऱ्याच एका मुलाने उलट विचारलं, "तू काय वरीचा तांदूळ आहेस का?" मी व्हरांड्यात उभी होते, तशीच उभी राहिले.

कीस आणि चुन्यो

आता करून पाहण्याचा भाग. यात विज्ञान आणि गणित दोन्ही येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेरू आणि बोलिव्हियात टिटिकाका सरोवराच्या आसपास लोक हजारो वर्षांपासून बटाटा पिकवतात. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंच. आमच्या मुलांना मीटर कळत नाहीत, कळसूबाई कळते. कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी पोहोचत नाही, हे गणित त्यांनी केलं. तिथले लोक बटाटा वर्षानुवर्षं टिकवतात. रात्री गोठवणाऱ्या थंडीत पसरून ठेवायचा, दिवसा उन्हात, असं काही दिवस करायचं. मग पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि कडक वाळवायचा. त्याला 'चुन्यो' म्हणतात. हे काम जून-जुलैत चालतं. "जूनमध्ये थंडी? पुस्तकात चुकलंय," असं एक गट ठामपणे म्हणाला. पृथ्वीगोल काढून दक्षिण गोलार्धातले ऋतू समजावून घ्यायला एक अख्खा तास गेला, आणि एरवी तो धडा मी जितक्या तासांत घेते त्यापेक्षा तो कमीच होता.

मुलं लगेच म्हणाली, हे तर आपल्या वाळवणासारखं आहे. मग ठरलं, दोन्ही करून पाहायचं. दोन आया शाळेत आल्या. सोललेले ५०० ग्रॅम बटाटे अर्धवट उकडून किसले आणि गच्चीवर जुन्या साडीवर घातले. दुसरे चार बटाटे कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी ते उन्हात सैल झाले, मुलांनी तळहातात दाबले, तर पाणी मनगटावरून ओघळलं. न गोठवलेला कच्चा बटाटा कितीही दाबला तरी थेंब निघत नव्हता. का? गोठताना आतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि बटाट्याच्या पेशी फाडतो. हे शेवटी मीच सांगितलं, पण तोवर मुलांनी तीन वेगवेगळे अंदाज लिहून ठेवले होते आणि त्यातला एक बराच जवळ होता.

कीस वाळल्यावर वाण्याच्या काट्यावर तोलला. ५०० चा ११५ ग्रॅम. बाकीचं कुठे गेलं? वजाबाकी झाली, शेकडेवारीची ओळखही आपोआप झाली, आणि बटाट्यात पाचातले जवळजवळ चार भाग पाणी असतं हे कोणाला पाठ करावं लागलं नाही. आपल्याकडे ऊन एकटं जे काम करतं ते तिकडे थंडी आणि ऊन मिळून करतात. पेरूतली एखादी आजी नि आपली आजी एकाच काळजीने गच्चीवर किंवा रानात बटाटा राखत बसतात, हे मुलांना मी सांगितलं नाही. त्यांनी चित्र काढलं, त्यात दोन्ही आज्या होत्या आणि दोघींच्या हातात कावळे हाकायची काठी होती. अँडीजमध्ये कावळे असतात का, हा नवा प्रश्न त्यातून निघाला.

तुमचे प्रश्न

"अभ्यासक्रम कसा पूर्ण होतो?" परिसर अभ्यास, गणित आणि मराठीचे मिळून आठवड्याला पाच-सहा तास मी यात घातले, असे तीन आठवडे. नकाशा, अन्नपदार्थ टिकवणं, वजन-मापं, मुलाखत घेणं, अनुभवलेखन हे घटक यातच झाले. वर्णनात्मक नोंदींसाठी तर वर्षात मला एवढा मजकूर कधी मिळाला नव्हता. पाढे आणि शुद्धलेखन यात होत नाही, ते वेगळंच घ्यावं लागतं. कोणी 'सगळं शोधातूनच होतं' म्हणत असेल तर त्यांना एकदा चाळीस मुलांचा वर्ग द्या.

गट करताना बडबडी मुलं एकत्र आली की गप्प मुलं दिसेनाशी होतात. माझ्या दोन गटांत हे झालं आणि मला दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. आधी प्रत्येकाची चिठ्ठी, मग गट, हा क्रम ठेवा.

पालकांना एकच विनंती आहे. मुलाने प्रश्न आणला की लगेच मोबाईलवर उत्तर काढून देऊ नका आणि प्रोजेक्ट स्वतः करून देऊ नका. एका घरातून अँडीज पर्वताचा सुंदर रंगीत देखावा आला होता. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "हे पप्पांना विचारा." त्याऐवजी एवढंच म्हणा, "मलाही माहीत नाही रे. कोणाला विचारू या?" खरोखर माहीत नसेल तर उत्तमच.

भिंतीवरच्या सत्तावन्न चिठ्ठ्यांपैकी एकवीस अजून तशाच आहेत. पगाराची आहे, कावळ्यांची आहे, 'इथला व्हायला' आहे. वर्ष संपताना मी त्या काढणार होते, पण मुलं म्हणाली, पाचवीच्या वर्गात लावू. आता भिंतीची अर्धी जागा रिकामी झाली आहे. जूनमध्ये नवी चौथी येईल. त्यांच्याबरोबर मिरचीपासून सुरुवात करायचा विचार आहे, या वेळी तोंड बंद ठेवून.